पोरांना व्हिसाचं कोण सांगणार? विद्यापीठ, वकील की सीनियर?

बेदाणा_तासगाव
धाकट्या भावाची पोरगी अमेरिकेत एम.एस. करतेय. एक विषय झेपेना. ग्रुपवर सीनियर म्हणाला, ‘सोड की, मी पण सोडलेला.’ हिनं सोडला. नऊ क्रेडिटचे सहा झाले. पूर्ण वेळ विद्यार्थी राहणं ही एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसाची अट, आणि विषय सोडण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाची परवानगी लागते, हे नंतर कळलं. सेव्हिसमधली, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यंत्रणेतली तिची नोंद रद्द झाली. तेव्हापासून आमच्याकडं कुणाला जेवण गोड लागंना. माझं म्हणणं सरळ आहे: बागेवर कर्ज काढून फी भरलेली, मग पोरीला बोलावून सांगायचं काम त्या कार्यालयाचं नाही?

कृष्णाकाठची
दादा, वाईट वाटलं. पण सांगतात हो! मी सांगलीतनंच गेलेले, पहिल्याच आठवड्यात दोन तास हेच सांगितलं. सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांच्या वर कॅम्पसवर काम नको, पत्ता बदलला की दहा दिवसांत कळवा. आम्ही निम्मे झोपेत होतो, निम्मे सिमकार्ड शोधत होतो. मी घर बदललं तेव्हा अख्ख्या विश्रामबागेला कळवलं, कार्यालयाला नवव्या दिवशी. आणि सगळ्यात जिवाला लागणारी गोष्ट ऐका. शिकवण्याची पद्धत नवीन म्हणून अभ्यास जड जातोय, हे कारण नियमात बसतं. निम्मा अभ्यासक्रम तरी ठेवावा लागतो, तो तिनं ठेवलाच होता. आधी विचारलं असतं तर हेच कारण पुढं करून परवानगी मिळायची शक्यता होती. मेल उघडायचं काम आपलं.

अजिंक्यतारा
ताई, तुमचं अर्धंच पटलं. डीएसओ म्हणजे त्या कार्यालयातला, विद्यापीठानं नेमलेला माणूस, पण सेव्हिसमध्ये सरकारला कळवायचं बंधनही त्याच्यावरच. आपल्या तलाठ्यासारखं समजा, माणूस कितीही भला असला तरी नोंद करणारच. वकिलाला सांगितलेलं गुपित राहतं, याला सांगितलेलं राहीलच असं नाही. समजा कुणी बाहेर हॉटेलात विनापरवाना काम केलंय. असला पोरगा ‘काका, मदत करा’ म्हणत आधी डीएसओकडं गेला तर संपलंच. २०२५ च्या एप्रिलात हजारो पोरांच्या नोंदी सरकारनं वरूनच रद्द केल्या. कित्येक कार्यालयांना ते यंत्रणा उघडून बघितल्यावर कळलं. पोरं कोर्टात गेली तेव्हा कुठं सरकारनं नोंदी परत चालू करायला घेतल्या. तिथं वकीलच कामाला आला.

कृष्णाकाठची
कोर्टाचं मान्य. पण रोजच्या कामात वकील काय करणार? शिक्षणानंतरच्या ओपीटीची, म्हणजे काही काळ काम करायच्या परवानगीची शिफारस सेव्हिसमध्ये डीएसओच नोंदवतो, त्यापासून तीस दिवसांत सरकारकडं अर्ज पोचावा लागतो. सुट्टीत गावी यायचं तर आय-२० वर, म्हणजे विद्यापीठ देतं त्या प्रवेशाच्या कागदावर, त्याचीच सही. दादांच्या पुतणीला विद्यार्थ्याचा दर्जा परत मागायचा तरी नवा आय-२० तोच देणार. वकिलाला त्या यंत्रणेत बोटसुद्धा लावता येत नाही.

पोवईनाका_सातारा
इथल्या एजंटांवर कुणीच बोलंना? आमच्या पोराच्या एजंटानं व्हिसाचा शिक्का पडला त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले, फोटो भिंतीवर लावला. पुढं पाच महिन्यांनी प्रश्न पडला तर फोन उचलंना. त्याचं काम विमानतळापर्यंतच.

अजिंक्यतारा
उचलला नाही तेच बरं झालं काका. उचलला असता तर काहीतरी ठोकून दिलं असतं.

दादा, एक महत्त्वाचं. दर्जा मोडल्यापासून पाच महिन्यांच्या आत तो परत मागायचा अर्ज जायला हवा. डीएसओला देता आली असती अशीच सवलत होती आणि आता दर्जा नाकारला तर फार नुकसान होईल, एवढं दाखवता आलं तर वाट आहे. दुसरी वाट म्हणजे परत यायचं, नवा आय-२० घ्यायचा, सेव्हिसची ३५० डॉलर फी पुन्हा भरायची आणि मुंबईला मुलाखतीला उभं राहायचं. हल्ली त्या वाटेनं मी तरी कुणाला पाठवणार नाही.

बेदाणा_तासगाव
काल संध्याकाळी साडेसातला, म्हणजे तिकडं सकाळी दहाला, पोरगी त्या कार्यालयात गेली. फोन चालूच ठेवलेला. बाई चांगल्या बोलल्या. प्राध्यापकाचं पत्र आणा, आय-२० करून देते म्हणाल्या. वर हेही म्हणाल्या, ‘मी वकील नाही, अर्जासोबतचं निवेदन वकिलाला दाखवून घ्या.’ म्हणजे तुमची दोघांची भांडणं फुकटच. ऑगस्टमधला कार्यालयाचा नियमांचा मेलही सापडला, न उघडलेला. ताई, ते तुमचं खरं. पण त्याच दिवशी त्या कार्यालयाचे अकरा मेल होते, त्यातला एक टी-शर्ट वाटपाचा. कुठला उघडायचा हे पोरीला कसं कळणार, हे मी अजून विचारणारच.

वकिलाची फी ऐकली. कोल्ड स्टोरेजला भाव वाढायची वाट बघत ठेवलेला बेदाणा सोमवारच्या सौद्याला काढतोय.