इंदूरच्या आसपास पिकलेलं: काय आणता, कुणाकडून आणता?

इंदुरात कुणी पाहुणा आला की आपण त्याला पोहे-जलेबी खाऊ घालतो, रात्री सराफ्यात, म्हणजे सराफ बाजारातल्या खाऊगल्लीत, फिरवतो आणि मोकळे होतो. ते झालं शिजवलेलं. माळव्याच्या काळ्या मातीत पिकलेलं तुमच्या घरी काय येतं आणि तुम्ही त्याचं काय करता, ते लिहा. 'ताजं खा, निरोगी राहा' छापाचा उपदेश नको.

सुरुवात मीच करते, गराडू या कंदापासून. थंडी पडली की रतलाम-धारकडून यायला लागतो. घेताना माती लागलेलाच घ्यावा. धुऊन चकचकीत केलेला कधी काढलाय ते कळत नाही. हाताला तेल चोळून सोलायचा, नाहीतर खाज सुटते. आतून पांढरा आणि बुळबुळीत असतो. फोडी आधी मंद आचेवर तळून बाजूला ठेवायच्या, खायच्या वेळी पुन्हा कडकडीत तेलात सोडायच्या. कड तांबूस झाली की काढून वर जिरावण (आपला इंदुरी चटपटीत मसाला) आणि लिंबू. सराफ्यातही हेच करतात, फक्त तिथे तेल कितव्यांदा तापतंय ते विचारायचं नसतं.

टिळकनगरहून एक ताई
भुट्ट्याचा कीस! पण स्वीट कॉर्नचा करू नका हो. किसताना त्याचं पाणीच फार सुटतं आणि परतून परतून गोड लगदा होतो. पावसाळ्यात झाबुआ-धारकडची देशी कणसं येतात, दाणा नखाने दाबला की दूध निघेल अशी बघून घ्यायची. तुपात मोहरी, जिरं, हिंग, हिरवी मिरची; कीस चांगला खमंग परतला की मगच दूध. आधी घातलंत तर कच्चट वास राहतो.

लोकमान्यनगर, मूळचे देवासचे
आमच्याकडे अजून वर्षाचा गहू भरतात. चैत्र-वैशाखात ओळखीच्या शेतकऱ्याकडून पोती येतात, दोन जातींची. पोळीसाठी शरबती आणि बाफल्यांसाठी (उकडून भाजलेले कणकेचे गोळे) माळवी काठा. काठ्याचा दाणा टणक, अंबरासारखा. त्याच्या पोळ्या गार झाल्या की वातड होतात, पण जाडसर दळून बाफले आणि चुरम्याचे लाडू करा, दुसरा गहू नकोसा वाटेल. उन्हं दाखवून, एरंडेलाचा हात लावून, कडुनिंबाच्या पाल्यात कोठी भरायची. आई असताना त्या दिवशी घरात कुणाला बसू देत नसे.

एक शंका
जवळचं म्हणजे चांगलंच, हे कुणी ठरवलं? कान्ह नदी शहरातून वाहत सांवेरकडे जाते आणि पुढे क्षिप्रेला मिळते. तिच्या काठाला सांडपाण्यावर भाजी पिकवत आलेत, हे जुन्या इंदूरकरांना सांगायला नको. तीही 'लोकल'च की! पालक-मेथी घेताना किती लांबून आली यापेक्षा कुठल्या पाण्यावर वाढली हे मी आधी विचारतो. विहिरीचं पाणी असलेला माणूस लगेच सांगतो. दुसरा 'एकदम फ्रेश है भिया' म्हणतो.

कृषी महाविद्यालयाजवळून
मातीचा विषय निघालाच आहे म्हणून. जगभर कंपोस्टची जी 'इंदूर पद्धत' म्हणतात, ती आपल्याच गावची. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड 1924 ते 1931 इथे होते. कापसाच्या संशोधनासाठी काढलेल्या संस्थेत त्यांनी ती बसवली. त्याच संस्थेचं पुढे हे महाविद्यालय झालं. काडीकचरा साधारण तीन भाग, शेण एक भाग, वर थोडी माती आणि राख, ओलावा राखून मधूनमधून उलथायचं. तीनेक महिन्यांत खत तयार. मी गच्चीवर शेण मिळेल तसं करतो. मेथी आणि मिरची घरची होते, बाकी बढाई नको.

बालम काकडीचं नाव कुणीच कसं घेतलं नाही?
सैलाना-रतलामची, पावसाळा सरता सरता येते. दुधीएवढी, आतून केशरी. मीठ-तिखट लावून नुसती खायची, कोशिंबिरीत वाया घालवू नका.

नवीन आलेली, विजयनगर
सगळं खरं, पण गाडीवाल्याचा माल शेतातला की मंडीतला, हे ओळखायचं कसं?

ताईंचं उत्तर
टोपली बघ. कोबी, भेंडी, मटार, ढेमसं सगळं एकदम असेल तर तो मंडीतून उचललेला माल. शेतकऱ्याकडे दोन-चारच जिनसा असतात आणि त्याही वेड्यावाकड्या आकाराच्या. शिवाय 'काका, पुढच्या महिन्यात काय आणाल?' असं विचार. ज्याने पेरलंय तो सांगतो. आमचे काका हरभरा म्हणालेत, ओले घाटे निघाले की कळवीन.