विषय: आईची सोशल सिक्युरिटी – अर्ज आत्ताच करावा का फेब्रुवारीत?

प्रेषक: औसेकर
सोमवार, 10 नोव्हेंबर 2025

नमस्कार मंडळी,
आई लातूरलाच आहे, मामेभावाचं लग्न उरकून फेब्रुवारीत येईल. तिनं सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे इथं अमेरिकेत पगारातून कापून म्हातारपणी मिळते त्या सरकारी पेन्शनचा, अर्ज अजून केलेलाच नाही. 2019 ला आपल्या मंडळाच्या गणपतीत काय सांगितलं होतं ते बऱ्याच जणांना आठवत असेल. जिल्हा परिषदेची पेन्शन आहे ना, मग इकडचं सगळं कापून घेतील, कशाला नादी लागता. तिनं ते खरं धरलं. बारा वर्षं डे-केअरमध्ये लोकांची लेकरं सांभाळली, दर पगारातून पैसे कापून दिले आणि परत एक डॉलर मागितला नाही. दुसऱ्या पेन्शनपायी कापणारा तो कायदाच रद्द झाला म्हणून परवा कळलं. आईचा जन्म मार्च 1954 चा, नागरिकत्व इकडचं. काल फोनवर म्हणाली, "आल्यावर बघू की, ते कुठं पळून जायलंय?" थांबावं का? ज्यांना पक्कं माहीत आहे त्यांनीच सांगा.

प्रेषक: परभणीच्या वहिनी

भाऊजी, आई तिकडं असताना काही करू नका! आमच्या सासूबाई दिवाळीला परभणीला गेल्या, तीस दिवसांवर राहिल्या आणि पैसे बंद झाले. परत आल्यावर इथं सलग तीस दिवस राहिल्याशिवाय चालू करेनात. त्याआधी आमच्या घरात राहतात, आमच्याकडं जेवतात म्हणून एक तृतीयांश रक्कम कमी केली होती ती वेगळीच. मी एकेका महिन्याचा किराणा कागदावर मांडून दाखवला होता. सासूबाईंना त्याचं फार लागलं. लेकाच्या घरी जेवले तर सरकार पैसे कापतं, असं कसं म्हणायच्या.

प्रेषक: नांदेडच्या ताई

वहिनी, तुमच्या सासूबाईंचं ते एसएसआय. ती गरिबांसाठीची मदत आहे, तिचे नियम निराळे. (आणि जेवणाचं आता धरत नाहीत, 30 सप्टेंबर 2024 पासून. निवाऱ्याचं अजून धरतात. त्यांचा हिशोब नव्यानं करून मागा.) औसेकरांच्या आईंचा हक्क स्वतःच्या कामावरचा आहे. अमेरिकी नागरिक लातुरात राहिला म्हणून तो थांबत नाही. कृपा करून दोन्ही एकत्र करू नका, अशानंच माणसं घाबरून अर्ज करत नाहीत.

औसेकर, थांबू नका. 5 जानेवारी 2025 ला तो कायदा रद्द करण्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली आणि ही कपात जानेवारी 2024 पासूनच्या रकमांवरून उठली. आणि आधीसुद्धा "हातात काही येणार नाही" हे खरं नव्हतं! जुन्या सूत्रात सरासरी कमाईच्या पहिल्या टप्प्यावर 90 टक्क्यांऐवजी 40 टक्के धरायचे, पण कपात कधीच त्या दुसऱ्या पेन्शनच्या निम्म्यापुढं जात नसे. आईंची पेन्शन किती? महिना 32 हजार धरली तर पावणेचारशे डॉलर. म्हणजे जास्तीत जास्त एकशे ऐंशी-नव्वद डॉलर गेले असते. बाकीचे मिळालेच असते.

एक दिलासा आहे. त्यांचं पूर्ण निवृत्तीचं वय, म्हणजे पूर्ण रक्कम मिळते ते, 66. तिथून सत्तरीपर्यंत न घेतल्याबद्दल वर्षाला 8 टक्के वाढ मिळते, म्हणजे 32 टक्के जास्त, ती आयुष्यभर. ते वाया गेलं नाही. नुकसान आहे सत्तरीनंतरचं. वाढ मार्च 2024 ला थांबली आणि मागचे पैसे फक्त सहा महिन्यांचे देतात. आज अर्ज केला तर मेपासूनचे मिळतील. मार्च 2024 ते एप्रिल 2025, हे चौदा महिने गेले. फेब्रुवारीपर्यंत थांबलात तर आणखी तीन जातील.

प्रेषक: सेक्रेटरी

सर्वांना विनंती, वैयक्तिक आर्थिक प्रश्न लिस्टवर नकोत. सिनियर गटाचा याच विषयावर 13 डिसेंबरला कार्यक्रम ठरला आहे, प्रश्न तिथे आणावेत. लिस्टवरचा सल्ला मंडळाचा सल्ला समजला जातो, आणि 2019 ला नेमकं तेच झालं.

प्रेषक: नांदेडच्या ताई

13 डिसेंबर म्हणजे एक महिन्याचे पैसे. ते मंडळ भरून देणार आहे का?

प्रेषक: उदगीरचे काका

2019 ला ते मी सांगितलं होतं. औसेकर, तुमच्या आई पुढच्याच रांगेत बसल्या होत्या, वहीत लिहून घेत होत्या, मला आठवतं. माझी बहीण टेक्सासात शिक्षिका होती. तिथं बऱ्याच शाळांतल्या शिक्षकांचे पैसे सोशल सिक्युरिटीत जातच नाहीत. भाऊजी गेले तेव्हा त्यांच्या नावावर तिला मिळायचं ते शून्य झालं, कारण तिच्या पेन्शनचा दोन तृतीयांश भाग त्यातून वजा करायचे. ते डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून सगळ्यांना तेच लागू असेल असं धरून बोललो. तो नियम जोडीदाराच्या हक्काचा होता, आणि भारतातल्या पेन्शनला कधी लागूच नव्हता. दोन नियम मी एक केले. चूक माझी आहे. आईंना मी आज रात्री स्वतः फोन करतो. बहिणीला मागचे पैसे एकदम मिळाले, दर महिन्याचेही चालू झाले.

प्रेषक: बीडकर

काका, सगळ्या कपाती उठल्या असं मात्र कुणी समजू नये. माझा मेहुणा गोदामात कामावर पडला, मणका गेला. अपंगत्वाचे पैसे आणि कामावरच्या अपघाताची भरपाई मिळून आधीच्या सरासरी कमाईच्या 80 टक्क्यांवर जाऊ देत नाहीत, वरचं अपंगत्वातून कापतात. ते आजही आहे. भरपाईची एकरकमी तडजोड करताना वकिलाकडून ती रक्कम उरलेल्या आयुष्यावर महिन्यानं वाटून लिहून घ्या. आमच्या कागदात ते एक वाक्य नव्हतं, त्यापायी दोन वर्षं हाल झाले.

प्रेषक: परभणीच्या वहिनी

ताई, आमचे हे 63 वर्षांचे आहेत, नोकरी चालू आहे आणि पैसेही घ्यायलेत. त्यांचं कापतील का?

प्रेषक: नांदेडच्या ताई

यंदा, 2025 ला, 23,400 डॉलरवर कमावलं तर वरच्या दर दोन डॉलरमागं एक रोखतात. पूर्ण वय झालं की रोखलेल्या महिन्यांचा हिशोब करून रक्कम वाढवून देतात. 62 लाच घेतलं म्हणून जे कमी झालं असेल ते मात्र राहतं.

प्रेषक: औसेकर
गुरुवार, 13 नोव्हेंबर

झालं. आई मंगळवारी हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेली होती. अंगठा मशिनवर उमटेना, क्लार्कनं चार वेळा रुमालानं पुसायला लावला, शेवटी चेहऱ्यावरून झालं. तिथल्याच बाकावर बसून तिनं काकांचा आधीच्या रात्रीचा फोन मला सांगितला. काकांचा तिला राग नाही. म्हणाली, "त्यांनी बहिणीचं बघून सांगितलं, मी विचारायला पाहिजे होतं."

काल रात्री तिला लाइनवर घेऊन अर्ज केला. तिकडं सकाळचे आठ वाजले होते. कामाची वर्षं विचारली तेव्हा तिनं एकेक सांगितली, कुठल्या वर्गात किती लेकरं होती तेसुद्धा. जिल्हा परिषदेच्या पेन्शनचा कागद काढून बसली होती, तो कुणी मागितलाच नाही. नोंद 12 नोव्हेंबरची आहे, पैसे मेपासूनचे धरतील.

सेक्रेटरी, 13 डिसेंबरला मी येतो. चौदा महिन्यांचं मी स्वतः सांगेन.