लिनक्सवरून फ्रीबीएसडीसाठी क्रॉस-कंपाइल: प्रोसेसर एकच असूनही प्रोग्राम का चालत नाही?

प्रश्न
नमस्कार. डेबियनवर (लिनक्सचा एक प्रकार) जीसीसी या कंपाइलरने तयार केलेला एक छोटा सी प्रोग्राम फ्रीबीएसडी १४ च्या सर्व्हरवर नेला, तर तेथे 'ईएलएफ बायनरी टाइप "०" नॉट नोन' असा संदेश येतो. दोन्हीकडे ६४ बिटांचा इंटेल प्रोसेसर आहे, तरीही क्रॉस-कंपाइल (एका प्रणालीवर बसून दुसरीसाठी प्रोग्राम बांधणे) करावे लागते का? सर्व्हरची मेमरी तोकडी असल्याने तेथे कंपाइलर चालवणे सोयीचे नाही.

उत्तर १
होय, करावे लागते. प्रोसेसर एक असला तरी सिस्टीम कॉलचे (प्रोग्रामने कर्नलकडे केलेल्या मागण्यांचे) क्रमांक, सी लायब्ररी आणि डायनॅमिक लोडरची (प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी जोडणाऱ्या भागाची) जागा या गोष्टी दोन्हीकडे वेगळ्या असतात. ईएलएफ (दोन्हीकडे प्रोग्राम ज्या स्वरूपात साठवतात ते) फाइलच्या सुरुवातीच्या एका बाइटमध्ये फ्रीबीएसडीची खूण म्हणून ९ हा आकडा असतो. तुमच्या फाइलमध्ये तेथे शून्य आहे. तो बाइट बदलता येतो, पण त्याने आतला प्रोग्राम लिनक्सचाच राहील.

जीसीसीचा प्रत्येक लक्ष्यासाठी (प्रोग्राम जेथे चालणार त्या प्रणालीसाठी, म्हणजे टार्गेटसाठी) वेगळा कंपाइलर बांधावा लागतो, क्लँग या दुसऱ्या कंपाइलरचे तसे नाही. फ्रीबीएसडी १४ ची 'बेस.टीएक्सझेड' ही फाइल उतरवून एका फोल्डरात उलगडावी, कारण मूळ प्रणालीच्या हेडर फाइली आणि लायब्ररी तिच्यात असतात. मग तो फोल्डर क्लँगला सिसरूट (हेडर आणि लायब्ररी शोधण्याचे मूळ ठिकाण) म्हणून द्यावा, टार्गेट म्हणून 'एक्स८६_६४-अननोन-फ्रीबीएसडी१४.०' लिहावे आणि लिंकर (कंपाइल झालेले भाग जोडून प्रोग्राम बनवणारे साधन) म्हणून एलएलडी निवडावा. टार्गेटमधला आवृत्तीचा आकडा गाळू नका. '__फ्रीबीएसडी__' या मॅक्रोची (कोडला फ्रीबीएसडीची आवृत्ती सांगणाऱ्या नावाची) किंमत क्लँग त्यावरूनच ठरवतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे, साधा प्रोग्राम चालला. मात्र दुसऱ्या प्रोग्रामला एसक्यूलाइट ही डेटाबेस लायब्ररी लागते आणि त्याची कॉन्फिगर स्क्रिप्ट (बांधणीपूर्वी प्रणाली तपासणारी) डेबियनचीच एसक्यूलाइट उचलते.

उत्तर २
हे काम पीकेजी-कॉन्फिगचे, म्हणजे लायब्ररी कोठे आहेत ते सांगणाऱ्या साधनाचे आहे. फ्रीबीएसडीचे एसक्यूलाइट पॅकेज त्याच सिसरूटमध्ये उलगडा आणि 'पीकेजी_कॉन्फिग_लिबडिर' या चलाला सिसरूटमधील 'युएसआर/लोकल/लिबडेटा/पीकेजीकॉन्फिग' हा पत्ता द्या. त्याऐवजी 'पीकेजी_कॉन्फिग_पाथ' वापरल्यास डेबियनचे मूळ पत्ते शोधयादीत तसेच राहतात, आणि एखादी लायब्ररी सिसरूटमध्ये नसली की ती मुकाट्याने डेबियनची घेतली जाते. मिळालेल्या पत्त्यांपुढे सिसरूटचा पत्ता लागावा म्हणून 'पीकेजी_कॉन्फिग_सिसरूट_डिर' हे चलही भरावे लागेल. कॉन्फिगरच्या भाषेत 'होस्ट' म्हणजे प्रोग्राम जेथे चालणार आहे ते मशीन, त्यामुळे फ्रीबीएसडीचे नाव तेथेच द्यायचे. ज्या चाचण्यांत छोटा प्रोग्राम प्रत्यक्ष चालवून पाहिला जातो, त्या डेबियनवर चालणार नाहीत. त्यांची उत्तरे कॅश चलांतून (कॉन्फिगर चाचण्यांचे निकाल ज्यांत साठवते) आधीच पुरवावी लागतात.

उत्तर ३
आवृत्तीबाबत एक भर घालतो. जुन्या आवृत्तीच्या सिसरूटवर बांधलेला प्रोग्राम सहसा नव्या फ्रीबीएसडीवर चालतो, उलट दिशेची मात्र खात्री नाही. २०१८ च्या १२.० मध्ये आयनोडचे (फाइलप्रणालीतील प्रत्येक फाइलच्या नोंदीचे) क्रमांक ३२ वरून ६४ बिटांचे झाले आणि फाइलची माहिती देणाऱ्या 'स्टॅट'ची रचना बदलली. जुने प्रोग्राम चालावेत म्हणून लायब्ररीत फंक्शनांची जुनी रूपेही ठेवली गेली, पण ११ च्या लायब्ररीत नवी रूपे असणे शक्यच नव्हते. म्हणून तुमच्या सर्व्हरांपैकी ज्यावर सर्वांत जुनी आवृत्ती असेल, तिचाच सिसरूट घ्यावा.