३३५५०३३६ : हर्षद असणं-नसणं हा संख्येचा गुण मानायचा का?

घातांक
३३५५०३३६ ही पाचवी परिपूर्ण संख्या. स्वतःला सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज केली की तीच संख्या परत मिळते. अवयव पाडले तर ४०९६ × ८१९१. पैकी ४०९६ म्हणजे २ चा बारावा घात, आणि ८१९१ मूळ संख्या. शिवाय ती त्रिकोणी आहे, षटकोनी आहे (म्हणजे तेवढे ठिपके त्या आकारांत मांडता येतात), १ ते १२७ या सगळ्या विषम संख्यांच्या घनांची बेरीजही आहे. कुठल्याही पद्धतीत लिहा, यातलं काहीच हलत नाही.

गुणांच्या याच यादीत 'हर्षद नाही' हेही त्याच मानाने लिहितात, ते मला पटत नाही. हर्षद म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणारी संख्या. अंकांची बेरीज २८, तिने भाग जात नाही, म्हणून हर्षद नाही. पण संख्या लिहिताना दहाऐवजी ८१९१ हा पाया धरला तर हीच संख्या ४०९६ आणि ० अशा दोन अंकांत मावते, बेरीज ४०९६, आणि भाग निःशेष जातो. लगेच हर्षद! पाया बदलल्यावर बदलतो तो गुण लिखाणाचा. त्याचा कप्पा वेगळा ठेवा.

बाकीशून्य
साफ असहमत. अंकांची बेरीज पुन्हा पुन्हा घेणं म्हणजे ९ ने भागून बाकी काढणं. इथे २८, मग १०, मग १. ४९६ घ्या: १९, १०, १. ८१२८ चंही तेच. ६ वगळता प्रत्येक सम परिपूर्ण संख्येला ९ ने भागल्यावर १ च उरतो, आणि हे सिद्ध करता येतं. अंकांशी खेळल्याशिवाय याकडे लक्ष गेलं असतं का? हर्षद संख्या मांडणारे द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) आयुष्यभर हेच करत होते. त्यांचं काम दुय्यम कप्प्यात टाकायला माझी तयारी नाही.

घातांक
बाकी १ उरणं हा संख्येचा गुण, मान्यच आहे. हर्षद असणं तसं नाही. आणि अंक फसवतातही. ६, २८, ४९६, ८१२८ एवढ्यावरून प्राचीन ग्रीक गणिती निकोमाकसने ठरवलं की एकेका अंकसंख्येची एकेकच परिपूर्ण संख्या असते, आणि शेवटी आळीपाळीने ६ आणि ८ येतात. पाचवी थेट आठ अंकी निघाली! सहावी ८५८९८६९०५६, म्हणजे लागोपाठ दुसऱ्यांदा शेवटी ६.

मूळशोधक
ही उडी का पडली तेही बघा. युक्लिड आणि ऑयलर यांच्या सूत्राप्रमाणे प्रत्येक सम परिपूर्ण संख्या म्हणजे २ चा एक घात गुणिले त्याच्या पुढच्या घातातून १ वजा केलेली संख्या, आणि ही दुसरी संख्या मूळ असावी लागते. २ च्या अकराव्या घातातून १ वजा केला की २०४७, म्हणजे २३ × ८९. मूळ नाही, म्हणून ती पायरी गळाली. तेराव्या घाताला ८१९१. त्याचा मूळ विभाजक २६ च्या पटीपेक्षा १ ने जास्तच असावा लागतो, आणि वर्गमूळ ९१ च्या आत. उरतात फक्त ५३ आणि ७९. बाक्या २९ आणि ५४. झालं, मूळ! माझ्या मते या संख्येची खरी ओळख इथे आहे. हर्षद असो वा नसो.

बाकीशून्य
निकोमाकसची आळीपाळी मोडली, पण शेवटचा अंक ६ किंवा ८ च असतो हे प्रत्येक सम परिपूर्ण संख्येत टिकलं. युक्लिड आणि ऑयलर यांच्या सूत्रातून ते सरळ निघतं. हा अंकाचाच गुण आहे ना? तो कुठल्या कप्प्यात घालणार, ते सांगा.