समुपदेशनाच्या तारखा आधी, की थेट गुन्हा?

मुठाकाठ: सासरी मार खाल्लेली बाई चौकीत आली की पहिलं उत्तर ठरलेलं, 'आधी भरोसा सेलला (पोलिसांच्या समुपदेशन कक्षाला) जा.' समुपदेशन ही गुन्ह्याची पूर्वअट नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 85 (नवरा किंवा सासरच्यांकडून छळ), म्हणजे जुनं 498अ, तिने स्वतः माहिती दिली की दखलपात्र होतं. पण घाईत अर्ज 'नवऱ्याने कानाखाली मारली' इतक्यावर संपतो आणि एनसीवर (अदखलपात्र नोंदीवर) बोळवण होते. कधी, कशाने मारलं, काय मागितलं, हे सगळं लिहा. त्याच दिवशी मेडिकल यादी (तपासणीसाठी पोलिसांचं पत्र) मागून पुण्यातलं सरकारी ससून रुग्णालय गाठा. नीळ काही दिवसांत हिरवट, मग पिवळी पडते. डॉक्टर त्यावरून जखम किती जुनी ते लिहितात. तक्रारीतली तारीख त्याच्याशी जुळली नाही, तर उलटतपासणीत नवऱ्याचा वकील तेच धरून बसतो.

शनिपार: गुन्हा नोंदवून पदरात काय पडतं? शिक्षा जास्तीत जास्त 3 वर्षं. 2014 च्या अर्नेश कुमार निकालापासून आपसूक अटक नाही, हजर राहण्याची नोटीस मिळते. नवरा संध्याकाळी घरी, बाईही त्याच घरात! त्यापेक्षा 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली कलम 12 चा अर्ज (संरक्षण, निवास, पोटगीसाठी) दंडाधिकाऱ्यांकडे करा, त्याला एफआयआर लागत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत, बाईला उत्पन्नाची अट नाही. घर सासूच्या नावावर असलं तरी निवासाचा हक्क मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलंय. नवऱ्याला घराबाहेर काढण्याचा आदेश होऊ शकतो. सासूला मात्र नाही.

मुठाकाठ: पहिली सुनावणी 3 दिवसांत, निकाल 60 दिवसांत, असं कायदा म्हणतो. शिवाजीनगर कोर्टाच्या व्हरांड्यात हे बोलून बघा, हसतील! म्हणून कलम 23 चा अंतरिम (निकालापर्यंतच्या तात्पुरत्या आदेशाचा) अर्ज शपथपत्रासह पहिल्याच दिवशी जोडावा. तो राहिला की पोटगीसुद्धा लटकते. संरक्षण आदेश हातात असला तर तो मोडणं स्वतंत्र गुन्हा आहे, 1 वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 पर्यंत दंड. चौकीत एफआयआर घेतच नसतील, तर मजकूर टपालाने पोलीस उपायुक्तांना, तिथेही हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे.

दफ्तरदार: भांडताय कशाला, गुन्हा आणि कलम 12 चा अर्ज, दोन्ही एकाच वेळी चालतात. खरी माती दुसरीकडे होते. रागाच्या भरात परगावची नणंद, मामेसासरे सगळ्यांची नावं घुसडतात. कोणी काय केलं ते नसलं की हायकोर्टात तेवढ्यांपुरता गुन्हा रद्द होतो आणि नवऱ्याच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट फॉरवर्ड करत बसू नका. मूळ हँडसेट तसाच ठेवा, साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र हॅश व्हॅल्यूसकट (फाइल बदललेली नाही हे दाखवणाऱ्या डिजिटल ठशासकट) लागतं.

शनिपार: नावांचं पटलं. तरी स्त्रीधन परत हवं असेल तर समुपदेशनाच्या एक-दोन तारखा द्याव्यात, असंच म्हणेन.

मुठाकाठ: द्या, पण दागिन्यांची यादी वजनासकट लेखी देऊन पोच घ्या. आणि कलम 85 च्या गुन्ह्याची कोर्टाने दखल घ्यायला 3 वर्षांची मुदत आहे, ती तारखांसाठी थांबत नाही.