प्रतिसाद: ठरलेल्या वेळेची प्रार्थना
‘घड्याळ लावून केलेली प्रार्थना यांत्रिक होते, मन लागेल तेव्हाच करावी’ हे इथल्या चर्चेतलं म्हणणं अर्धंच पटलं. यांत्रिक होते खरी. पण मन लागायची वाट बघत बसलं की प्रार्थना फक्त संकटात आठवते. बायबलमधला दानीएल प्रार्थनेवर राजाचा मनाईहुकूम निघाल्यावरही पूर्वीसारखाच दिवसातून तीनदा गुडघे टेकत राहिला. त्यासाठी त्याला नव्याने धैर्य गोळा करावं लागलं असेल असं वाटत नाही, सवय अंगात मुरलेली होती.

शिवाय इथे सगळे सकाळच्या बायबल वाचनाबद्दलच बोलतायत, रात्रीचं कुणी काढलंच नाही. १६व्या शतकात येशूसंघ (जेझुइट) या कॅथलिक धर्मसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोलाने आत्मपरीक्षणाची एक रीत घालून दिली: आधी देवाचे आभार, मग त्याच्याकडे प्रकाश मागायचा, सकाळपासूनचा दिवस तासातासाने आठवायचा, क्षमा मागायची आणि पुढे काय सुधारायचं ते ठरवायचं. येशूसंघीयांमध्ये हे दिवसातून दोनदा करायचा प्रघात आहे. मी रात्रीच करते. यातलं तासातासाने आठवणं सगळ्यात जड जातं. जेवताना मी कुणाला काय तोडून बोलले ते शब्दांसकट समोर येतं, मग ‘प्रभू, मी पापी आहे’ असं मोघम म्हणून सुटता येत नाही. फक्त अंथरुणात पडून करू नका, आभार संपायच्या आत डोळा लागतो.