बाराखडीला शिव्या घालणाऱ्यांनो, जरा थांबा

परभणीची_आई
काल एकानं लिहिलं की मुळाक्षरं अन् बाराखडी घोकून घेणं म्हणजे लेकरांवर अत्याचार, त्यापेक्षा फ्लॅशकार्ड दाखवा, लेकरू अख्खा शब्द चित्रासारखा ओळखतं. वाचून डोकंच फिरलं. अहो, हे इंग्रजीचं दुखणं आहे, तिथं लिहितात एक अन् म्हणतात एक, म्हणून पाठ करावं लागतं. आपल्याकडं 'क'ला काना दिला की 'का', विषय संपला. गमभन काय उगीच आलं का? सारख्या वळणाची चार अक्षरं, त्यात फक्त काना घाला, मन, मान, नाग, भाग, मामा, नाना, मगन एवढे शब्द होतात! माझ्या पोरीनं दिवाळीच्या सुट्टीत इथूनच सुरुवात केली अन् गुढीपाडव्यापर्यंत एसटीच्या पाट्या वाचायला लागली. मानवत, सेलू, जालना. कार्डं आणली असती तर कार्डावरचाच 'हत्ती' ओळखला असता, पाटीवर काय हत्ती येतो का?

शब्दवेडा
ताई, तुम्ही बाराखडीची बाजू घेताय की गमभनची? दोन्ही वेगळं आहे. क ते ज्ञ ओळीनं घोकायचं अन् मग बाराखडी, ही शाळामास्तरी पद्धत. बालभारतीनंसुद्धा पहिलीला अक्षरगट घेतले, ओळ नाही. तुम्ही जे केलं ते अक्षरगटच, अन् शिव्या आम्हाला.

परभणीची_आई
बरं, शीर्षक चुकलं. पण कार्डवाले चुकीचेच.

लातूरचा_बाप
काय बोलू लालाव तुम्ही. आमच्या पोराला बाराखडी अशी पाठ की झोपेत म्हणतो, पण 'किती' वाचायला दिलं की अडला. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची अन् नंतर म्हणायची, हे कोणत्या गाण्यात सांगतात? अन् 'करवत' वाचताना क, र, व, त असं चारही अक्षरं सुटी सुटी म्हणतो, करवत हाताला लागली तरी कळायचं नाही त्याला.

कोथरूड_टू_कळंब
अडचण वाचनाची नाहीच, उच्चाराची आहे. बदली होऊन इकडं आलो, शेजारचं लेकरू पुस्तकात 'पाणी' बघतं अन् 'पानी' वाचतं. घरी आधी शुद्ध बोला, मग वाचायला शिकवा.

गोदाकाठ
झालं, आले शुद्धवाले! त्या लेकरानं 'ण' बघितला, शब्द ओळखला, अन् आपल्या घरातल्या आवाजात म्हणला. याला वाचन नाही तर काय म्हणायचं? माझे आजोबा निजामाच्या शाळेत उर्दूतून शिकले, मराठी वाचायला लागले ते पुढं, १९४८ नंतर. मरेपर्यंत 'पानी'च म्हणायचे, अन् उर्दूत तेच बरोबर आहे बरं का. रोज पेपर वाचायचे, अग्रलेखासकट.

कोथरूड_टू_कळंब
भावना दुखावायचा हेतू नव्हता. पण परीक्षेत 'पानी' लिहिलं तर मार्क कोणाचे कटणार, आजोबांचे?

गोदाकाठ
आजोबांवर जाऊ नका साहेब. लिहिताना 'ण' लिहायचा हे शिकवू की, बोलताना जीभ कशाला कापता? दुसरीत मी 'कोन आलं' म्हणलं म्हणून बाईंनी मला वर्गासमोर दहा वेळा 'कोण' म्हणायला लावलं. त्यानंतर दोन वर्षं मोठ्यानं वाचलंच नाही मी. वाचता येत होतं, तोंड उघडत नव्हतं.

बीडचा_गुरुजी
'कोन' अन् 'कोण' चालू द्या तुमचं. माझ्या वर्गातली निम्मी लेकरं दिवाळीला आईबापासंग ऊसतोडीला, कोयत्यावर जातात अन् कारखान्याचा हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात येतात, तोवर काना-मात्रा सगळं पुसलेलं. 'घरी कसं शिकवावं' यातलं घर म्हणजे पाचटाची खोपी हो. तिथं मी खताच्या रिकाम्या गोणीवरची अन् ट्रॅक्टरच्या मागं रंगवलेली अक्षरं शोधायला लावतो. लेकरं आनंदानं शोधतात.

जालन्याची_सून
गुरुजी, हे पटलं. बाकी त्या भिंतीवरच्या चार्टचं काय करायचं? 'औ औताचा' आमच्या लेकराला कळतं, दारातच आहे. 'ऐ ऐरणीचा' बघून म्हणलं, आई हे स्टूल का? अन् पाट्यांचंच म्हणाल तर 'उस्मानाबाद'पेक्षा 'धाराशिव' सोपं, जोडाक्षर नाही.

लातूरचा_बाप
राजकारण नको बरं का.

जालन्याची_सून
वाचनाचं बोलतेय मी! 'छत्रपती संभाजीनगर'ला 'त्र' आहे, मग ते अवघड. झालं बरोबरीत?

शब्दवेडा
गोदाकाठ, तुमचे आजोबा मराठी वाचायला शिकले कसे?

गोदाकाठ
आजीची पोथी. ओव्या ऐकून ऐकून तोंडपाठ होत्या, मग एकेका शब्दावर बोट ठेवत अक्षर जुळवलं. म्हणजे... आधी अख्खा शब्द, मग अक्षर. कार्डवाल्यांना सांगू नका.

परभणीची_आई
वाचलं मी. बरं, पाठ असलेल्या ओवीवरून अक्षराकडं जाता येतं, मान्य. पण ती ओवी आजीच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकलेली होती, साडेतीनशे रुपयांच्या कार्डांच्या डब्यातून नाही आली. अन् कोथरूडवाले, तुमच्या शेजारच्या लेकराला 'पानी' मागितलं तर देतं ना? मग प्या.